तळ्यांच्या मुलखातली पहिली पक्षियात्रा

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या आवडीचा एखादा विषय घेऊन बोलावे, असे संयोजकांनी कळवले तेव्हा मी पक्षिनिरीक्षणाच्या पहिल्या सहलीचा विषय निवडला. त्याला कारण आहे. गेली काही वर्षे शाळेतील जुने सोबती आणि आता त्यांची मुलेही मला एकच प्रश्न विचारीत आली आहेत. उष्ण कटिबंधातल्या एखाद्या देशात जाऊन पक्षी पाहायचे आहेत, पहिलीच वेळ आहे, तर सुरुवात कुठून करावी? विचारणाऱ्यांपैकी कोणी परदेशी स्थायिक झालेला असतो, कोणी पुण्या-मुंबईत. कोणाच्या मनात कोस्टा रिका असते, कोणाच्या श्रीलंका. मी त्यांना भूगोलाच्या तासाची आठवण करून देतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते. म्हणजे आपला अवघा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच आहे, आणि ज्या देशाचा शोध चालला आहे त्याच देशात आपण जन्मलो आहोत.

तरीही सहल म्हटली की थोडे दूर जावेसे वाटते. भाषा निराळी, जेवण निराळे, पाऊसही निराळा, पण पारपत्राची गरज नाही, असे ठिकाण हवे असेल तर चेन्नईला यावे, असे मी सुचवतो. मी तिथे राहतो म्हणून नव्हे. शहराच्या मध्यापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत झाडी, नदीमुख, दलदल, गोड्या पाण्याची तळी आणि मचूळ पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, असे पाच प्रकारचे अधिवास तिथे सापडतात. डोंगर चढावा लागत नाही. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे घर बरोबर येऊ शकते. पहिल्या सहलीला याहून अधिक काय हवे?

आता आखणीकडे वळू. बहुतेक जण आखणीची सुरुवात यादीपासून करतात. अमुक पक्षी दिसला पाहिजे, तमुक दिसला पाहिजे, म्हणून अमुक ठिकाणी जायचे. माझे म्हणणे असे की पहिल्या सहलीची आखणी पक्ष्यांपासून करू नये, पाण्यापासून करावी. पाणी कुठे आहे, केव्हा येते, किती दिवस टिकते आणि ते कोण राखते, एवढे चार प्रश्न सोडवले की पक्ष्यांची यादी आपोआप तयार होते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचा विस्तार आहे.

पहिला प्रश्न, पाणी केव्हा येते? आपल्या हाडीमासी मृगाचा पाऊस भिनलेला आहे. जून उजाडला की आपण आभाळाकडे पाहतो आणि दसरा-दिवाळीला पाऊस संपला असे मानतो. चेन्नईत हे गणित उलटे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस सह्याद्रीवर कोसळून पूर्व किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत पुष्कळसा आटलेला असतो. चेन्नईचा खरा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंतचा. वर्षाला पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांत पडतो. आपल्याकडे आकाशकंदील लागतात तेव्हा तिकडे तळी भरू लागलेली असतात.

समशीतोष्ण देशांत पक्ष्यांचे वेळापत्रक वसंत ऋतूवर चालते. दिवस मोठा होऊ लागला की तिथले पक्षी घरटी बांधतात. आपल्या उष्ण कटिबंधात दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, म्हणून बगळे, करकोचे, पाणकावळे यांसारख्या पाणपक्ष्यांचे वेळापत्रक पावसावर चालते. तळे भरले की मासे, बेडूक, गोगलगायी वाढतात आणि पिलांच्या चोचीत घालायला अन्न मिळते. पाण्याने वेढलेल्या झाडावर मुंगूस किंवा रानमांजर सहजी चढू शकत नाही, म्हणून तिथली घरटी सुरक्षित असतात. चेन्नईच्या आसपासच्या तळ्यांवर पाणपक्ष्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो तो यामुळेच. आणि नेमक्या याच महिन्यांत हिमालयापलीकडून, मध्य आशियातून हिवाळी पाहुणे येऊन ठेपतात. घरचे लग्न आणि पाहुण्यांची वर्दळ एकाच मांडवात पाहावी, तसा हा योग आहे.

म्हणून सहलीसाठी डिसेंबरचा अखेरचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ निवडावा. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात वादळांचा धोका असतो. २०१५ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या डिसेंबरमध्ये चेन्नईने मोठे पूर पाहिले आहेत. जानेवारीत पाऊस ओसरलेला, हवा त्यातल्या त्यात सुखद, तळी भरलेली आणि घरट्यांत पिले, असे सारे जुळून येते. परदेशातले आपले माजी विद्यार्थी नाताळच्या सुटीत घरी येतात, त्यांना हा काळ सोयीचा पडतो. शिवाय डिसेंबर-जानेवारीत मार्गळी महिन्यातला कर्नाटक संगीताचा उत्सव शहरभर चालू असतो. सकाळी पक्षी आणि संध्याकाळी कचेरी असा बेत घरातल्या सर्वांनाच मानवतो. मात्र निवासाची व्यवस्था दोन-तीन महिने आधी करावी लागते.

एक तारीख टाळावी. पोंगलच्या सणातला शेवटचा दिवस 'काणुम पोंगल' म्हणून साजरा होतो. जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या या दिवशी सारे तमिळ कुटुंब घराबाहेर पडते. समुद्रकिनारे, उद्याने, अभयारण्ये माणसांनी फुलून जातात. उत्सव पाहायचा असेल तर तो दिवस उत्तम, पक्षी पाहायचे असतील तर घरी बसावे. त्याच पोंगलच्या चार दिवसांत तमिळनाडूतले पक्षिमित्र गावोगावी पक्ष्यांची गणना करतात, तिच्यात नवख्यालाही भाग घेता येतो.

दुसरा प्रश्न, पाणी आहे की नाही? हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावा लागतो. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. ईशान्य मोसमी पाऊस दगा देतो त्या वर्षी तळी भरत नाहीत, आणि तळी भरली नाहीत तर पक्षी घरटी घालीत नाहीत, घातलीच तर अर्ध्यावर सोडतात. म्हणून रेल्वेचे आरक्षण केले तरी शेवटचा निर्णय डिसेंबरच्या मध्यावर घ्यावा. वनविभागाकडे किंवा स्थानिक पक्षिमित्रांकडे चौकशी करावी. १९७८ पासून काम करणारी मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी ही तिथली जुनी संस्था आहे. तळे कोरडे असेल तर दुःख करू नये, बेत बदलावा. समुद्रकिनारा आणि खाड्या कधी कोरड्या पडत नाहीत.

आता निघण्यापूर्वीची तयारी. पक्षिनिरीक्षणाचा अभ्यास चेन्नईत पोहोचल्यावर सुरू करण्यात अर्थ नाही, तो घरच्या तळ्यावर सुरू करावा. आपल्या गावच्या पाझर तलावावर, नदीच्या डोहावर, फार तर भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला चार रविवार घालवावेत. ढोकरी, गायबगळा, टिटवी, शेकाट्या, खंड्या, पाणकावळा, वारकरी, वेडा राघू, कोतवाल, तांबट, भारद्वाज असे तीस-चाळीस पक्षी नीट ओळखता येऊ लागले की चेन्नईत भेटणाऱ्या पक्ष्यांपैकी अर्धेअधिक ओळखीचे निघतात. मग नवे कोणते ते चटकन कळते. ज्याला घरची माणसे ओळखता येत नाहीत, त्याला पाहुणा कसा ओळखू येणार?

पुस्तकांपैकी एक-दोनच बरोबर घ्यावीत. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले आणि आजही नवख्याला ते उपयोगी पडते. घरी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' असावा, कारण पक्ष्याला आपल्या भाषेतले नाव असणे ही साधी गोष्ट नाही. नाव कळले की ओळख टिकते. भ्रमणध्वनीवरील आवाज ओळखणारी साधने मदतीला घ्यावीत, पण त्यांच्या उत्तरावर आपल्या डोळ्यांची सही झाल्याशिवाय नोंद करू नये.

दुर्बिणीविषयी पालक नेहमी विचारतात. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८ × ४२. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. व्यास जितका मोठा तितका प्रकाश अधिक, पण वजनही अधिक. नवख्याने ८ × ४२ किंवा मुलांच्या हातासाठी ८ × ३२ घ्यावी. दहापट किंवा त्याहून मोठी दाखवणारी दुर्बीण हातात हलते आणि पाहण्याचे क्षेत्र लहान करते. घरात चार माणसे असतील तर चांगल्या दोन दुर्बिणी पुरेत. त्याखेरीज फिक्या, मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, डासांसाठी मलम आणि एक वही-पेन्सिल. वही सर्वांत महत्त्वाची. घड्याळाची एक गोष्ट लक्षात असू द्या. चेन्नई मुंबईच्या बरीच पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य अर्ध्या तासाहून अधिक आधी उगवतो. जानेवारीत साडेसहाच्या सुमारास उजाडते. आपल्याकडच्या सवयीने सातला आवरू लागलात, तर पक्ष्यांची सकाळ संपलेली असेल.

दिवसांची आखणी सहा दिवसांची करावी आणि त्यांतला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. पहिला दिवस शहरातच घालवावा. अड्यार नदीच्या मुखाशी आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या जुन्या झाडीत, भेटीच्या वेळांची चौकशी करून, जावे. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान अवघे २.७ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या आतल्या भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण कोटीभर माणसांच्या महानगरात काळवीट हिंडताहेत ही कल्पनाच मुलांना चकित करते.

याच झाडीत एक पाहुणा मराठी माणसाने आवर्जून शोधावा. तो म्हणजे नवरंग. आपल्या कोकणात आणि विदर्भात पावसाळ्यात घरटे करणारा हा पक्षी पावसाळा सरताच दक्षिणेकडे निघतो आणि हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत घालवतो. चेन्नईत तो पाचोळ्यात उड्या मारीत किडे टिपताना दिसतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला सहाच्या सुमारास तो हमखास ओरडतो, म्हणून तमिळ माणसाने त्याला 'आरुमणि कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असे नाव दिले आहे. आपण त्याचे रंग मोजले, त्यांनी त्याची वेळ मोजली. पक्षी एकच.

भाषेचा हा आनंद सहलीत जागोजागी भेटतो. पाणकावळ्याला तमिळमध्ये 'नीर्काकम्' म्हणतात. नीर म्हणजे पाणी, काकम् म्हणजे कावळा, अक्षरशः आपलाच शब्द. खंड्याला 'मीन्कोत्ति', म्हणजे मासा टोचणारा, म्हणतात. रोहिताला 'पूनारै', म्हणजे फुलासारखा करकोचा. अशी आठ-दहा नावे पाठ करून गेलात तर तळ्याकाठचा गुराखी तुम्हाला हवे ते दाखवतो. हिंदी-इंग्रजीपेक्षा पक्ष्याचे नाव तिथे अधिक लवकर दार उघडते.

दुसरा दिवस दक्षिणेकडच्या पळ्ळिकरणै दलदलीसाठी ठेवावा. तिच्याविषयी शेवटी बोलेन. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, शेकाटे, तलवार आणि थापट्या बदके तिथे रस्त्याच्या कडेने दिसतात. तिसरा व चौथा दिवस वेडंतांगल आणि करिकिलीला द्यावा. पाचव्या दिवशी उत्तरेकडे जावे. आंध्र प्रदेशाच्या सीमेवर पुलिकत हे मचूळ पाण्याचे प्रचंड सरोवर आहे. सुळ्ळूरपेटहून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता या सरोवरातून जातो. हिवाळ्यात सुरक्षित जागी थांबून रोहितांचे थवे रस्त्यावरूनच पाहता येतात, बोटीचा मोह धरण्याचे कारण नाही. जवळच नेलपट्टूला झोळीवाल्यांची, म्हणजे पेलिकनांची, वीण होते. सहावा दिवस मोकळा. पाऊस आला, कोणाला थकवा आला किंवा एखादे ठिकाण पुन्हा पाहावेसे वाटले, तर तो कामी येतो. खाली नागपट्टिनमच्या किनाऱ्यावरचे कोडियक्करै पहिल्या सहलीत कोंबू नये. तिथे जायला वेगळी सवड हवी, म्हणजे वाटेत तंजावर पाहून होईल.

आता या सहलीच्या गाभ्याकडे, वेडंतांगलकडे येतो. इंग्रजी पाटीवरून आपण ते 'वेदांतंगल' असे वाचतो आणि त्याचा वेदांताशी संबंध जोडतो. तसा तो नाही. तमिळमध्ये वेडन् म्हणजे शिकारी. शिकाऱ्याची वाडी, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. चेन्नईपासून सुमारे ७५ ते ८० किलोमीटरांवर, चेंगलपट्टूच्या पुढे, सुमारे ३० हेक्टरांचे हे एक साधे गावतळे आहे. आपल्या गावच्या तळ्याहून त्यात वेगळे काही नाही. बांध आहे, पाण्यात बुडून उभी असलेली झाडे आहेत, आणि बांधाखाली भाताची खाचरे आहेत. या झाडांवर हंगामात हजारो पक्ष्यांची वसती असते. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, शराटी, रातबगळे, पाणकावळे, तिरंदाज, झोळीवाले, सारे एकमेकांच्या शेजारी संसार मांडतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारचे गोरे शिपाई इथे शिकारीला येऊ लागले. गावकरी चेंगलपट्टूच्या कलेक्टरकडे गेले. लायोनेल प्लेस हे त्याचे नाव. गावकऱ्यांनी त्याला सांगितले की हे पक्षी आमचे आहेत, आणि का आहेत तेही सांगितले. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी शेतात जाते आणि भात चांगला पिकतो. त्याने गावाला पक्षी राखण्याचा अधिकार लिहून दिला. या कागदाला नाव होते 'कौल'. आपल्या मराठी कानांना हा शब्द किती ओळखीचा आहे! ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवायचे असले की मराठेशाहीत रयतेला कौल दिला जाई, अभयाचे आश्वासन दिले जाई. इथे रयतेने पक्ष्यांसाठी कौल मिळवला. १७९८ हे त्या संरक्षणाचे वर्ष मानले जाते, आणि १८५८ साली तो कौल पुन्हा नव्याने करून घेण्यात आला. देशात अभयारण्याचा कायदा होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. २०२२ साली वेडंतांगल आणि करिकिली या दोन्ही तळ्यांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, पण तो शिक्का सव्वादोनशे वर्षांच्या राखणीवर मागाहून उमटला.

याच कलेक्टरची आणखी एक कथा जवळच्या मधुरांतकम् गावात सांगतात. तिथले मोठे तळे एका पावसाळी रात्री फुटण्याच्या बेतात होते. पाहणीला गेलेल्या कलेक्टरला बांधावर दोन धनुर्धारी तरुण पहारा देताना दिसले आणि सकाळी बांध शाबूत होता, अशी ती कथा. तिथल्या रामाला आजही 'एरी कात्त रामर', म्हणजे तळे राखणारा राम, म्हणतात. कथा खरी की भक्तांची, हा वाद मी घालणार नाही. पण ज्या मुलखात देवालाही तळ्याच्या राखणीचे काम सोपवतात, त्या मुलखात पक्षी टिकले तर नवल नाही. 'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण बहुधा टोमणा मारण्यासाठी वापरतो. वेडंतांगलच्या गावकऱ्यांनी तिचा सरळ अर्थ खरा करून दाखवला. त्यांनी तळे राखले, त्यांच्या शेतांनी पाणी चाखले आणि पक्ष्यांनीही.

मुलांना घेऊन तिथे जाल तेव्हा एक करा. मुलाच्या हातात पन्नास पक्ष्यांची यादी देऊ नका, एक घरटे द्या. बांधावर सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि एकच घरटे तासभर पाहू द्या. दुपारच्या उन्हात चित्रबलाकाची मादी किंवा नर पंख पसरून पिलांवर सावली धरून उभा राहतो. चोचीतून पाणी आणून पिलांना पाजतो. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या दोन चोचींमध्ये जी फट असते, ती मोठ्या पक्ष्यालाच असते, लहान पिलाला नसते. हे मुलाने आपल्या डोळ्यांनी शोधले तर त्याला धडा शिकवावा लागत नाही. तासभरात वहीत दहा ओळी लिहिल्या गेल्या, तर ती सहल सफल झाली असे मी मानतो. पाहिलेल्या जातींची संख्या कोणी विचारली तरी सांगायची नाही, असाही एक दिवस असावा.

बांधावरच्या वर्तनाचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. आवाज हळू. घरट्याच्या जवळ जाण्याचा प्रयत्न नाही. पक्षी उडावेत म्हणून टाळी किंवा खडा नाही. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे नाही, कारण विणीच्या दिवसांत तो पक्षी पिले सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात फिरतो. छायाचित्र मिळाले नाही तर नाही. शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडीच्या पक्षितळ्याजवळची गावे पक्षी बिथरतील म्हणून दिवाळीत फटाके वाजवीत नाहीत. ज्यांची घरे तिथे आहेत ती माणसे सण मुका साजरा करतात, मग पाहुण्याने तासभर गप्प राहायला काय हरकत आहे?

शेवटी पळ्ळिकरणै. ही दलदल काही दशकांपूर्वी कित्येक हजार हेक्टरांवर पसरलेली होती. आज तिचा थोडासा भाग उरला आहे. तिच्या उरावर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती, रस्ते, वसाहती आणि पेरुंगुडीचा कचराडेपो उभा राहिला. दक्षिण चेन्नईतल्या अनेक तळ्यांचे जादा पाणी उतरून जिथे थांबायचे ती ही जागा. ती आक्रसली, तेव्हा पाण्याने माणसांच्या घरांत जागा शोधली. उरलेल्या दलदलीलाही २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. या दलदलीच्या काठी उभे राहिले की एका बाजूला कचऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती आणि मधे शांतपणे चरणारी बदके दिसतात. पुष्कळ पाहुणे हे ठिकाण सुंदर नाही म्हणून टाळतात. पालकांनी ते टाळू नये. वेडंतांगलला मुलांना राखलेले पाणी दिसते, पळ्ळिकरणैला न राखलेले. दोन्ही पाहिल्याशिवाय सहल पुरी होत नाही. आणि राखलेले पाणीही कायमचे राखलेले नसते. २०२० साली वेडंतांगल अभयारण्याची पाच किलोमीटरांची हद्द कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याला मोठा विरोध करावा लागला. कौल एकदा मिळवून भागत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने मागावा लागतो.

आपल्या शाळेशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. मला तो फार जवळचा वाटतो. इंदापुरासारख्या आपल्याच गावात चित्रबलाक वस्तीतल्या झाडांवर घरटी करतात. ठाण्याच्या खाडीत रोहित येतात. पक्षी आपल्याकडेही आहेत, उणे असेल ते नोंदींचे आणि राखणीचे. म्हणून शाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेने एक जाड वही घालावी. गावाजवळचे एक तळे निवडावे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी आठवी-नववीच्या मुलांनी, बरोबर एखाद्या शिक्षकाने आणि दोन पालकांनी तिथे जाऊन, पाणी किती आहे आणि पक्षी कोणते आहेत हे त्या वहीत लिहावे. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पक्ष्यांची नावे, मराठीत. याला खर्च नाही. पाच वर्षांनी ती वही गावाकडे त्या तळ्याविषयीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा असेल, आणि उद्या कोणी ते तळे बुजवायला निघाले तर गावाला तो पुरावा पुढे ठेवता येईल.

ज्या मुलांनी वर्षभर ही वही लिहिली, त्यांना घेऊन शाळेने किंवा पालकांनी जानेवारीत चेन्नईची सहल काढावी. तळ्यांच्या मुलखात गेल्यावर ती मुले नुसते पक्षी पाहणार नाहीत. बांधाची उंची पाहतील, पाण्याची खोली विचारतील आणि हे कोण राखते, असा प्रश्न विचारतील. तो प्रश्न विचारणारी दहा मुले जरी शाळेतून बाहेर पडली, तरी आपल्या गावच्या तळ्याला कौल मिळेल.

 जानेवारीत कोणी चेन्नईला येणार असाल तर अवश्य कळवा, पहाटे साडेपाचला निघण्याची तयारी मात्र ठेवा.